फुसका बार निघाला की लगेच दुसरा काढायचा नाही

मागच्या अंकात रायफल साफ कशी करायची त्यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं न मेसेज आले त्यातले निम्मे साफसफाईचे नव्हतेच, काडतुसाचे होते. कुणाची गोळी उडत नाही, कुणाची अर्धवट उडते, कुणाला जुना डबा सापडलाय. म्हणून यावेळी सगळी उत्तरं काडतुसावरच देतो.

परभणीहून एक आई लिहितात: नमस्कार सर, माझी मुलगी अकरावीला आहे, पॉइंट टू टू रायफलवर ५० मीटर प्रोनची (पोटावर झोपून नेम धरायची) प्रॅक्टिस करते. मागच्या रविवारी तिनं एक गोळी मारली तर रोजच्यासारखा आवाज आलाच नाही, नुसतं फट्‌ झालं आणि टार्गेटवर भोकही नाही. तिनं बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) मागं घेतला, रिकामी पुंगळी बाहेर पडली, पुढची गोळी भरणार तेवढ्यात कोच जोरात ओरडले आणि सगळी लाइनच थांबवली. पोरगी घरी येऊन रडली, सगळ्यांसमोर ओरडले म्हणून. एवढं ओरडण्यासारखं होतं का?

ताई, होतं. मी तिथं असतो तर मीही ओरडलो असतो. तिला जवळ घेऊन सांगा की कोच तिच्यावर चिडले नव्हते, घाबरले होते.

काय झालं असणार ते सांगतो. काडतुसात चारच गोष्टी असतात, पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा मसाला म्हणजे प्राइमर, मधे दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. एखाद्या काडतुसात दारू कमी पडलेली असते, किंवा पडलेलीच नसते, किंवा ओल लागून ती नीट पेटत नाही. मग ट्रिगर दाबल्यावर नुसता प्राइमर उडतो, त्याच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते, नळीत थोडी पुढं सरकते आणि तिथंच अडकून बसते. दिवाळीत आपण फुसका बार म्हणतो ना तसंच, फक्त दिवाळीचा फुसका बार जागेवर संपतो आणि रायफलमधला नळीत बूच होऊन बसतो.

आणि पुढची गोळी चांगली असते हाच खरा घोटाळा. ती पूर्ण जोरानं येते न पुढं शिशाचा बूच. पॉइंट टू टू च्या काडतुसात दाब साधारण २४ हजार पीएसआयपर्यंत जातो, आपल्या कारच्या टायरमधे ३२-३३ असतो त्यावरून अंदाज घ्या, थ्री-ओ-एट सारख्या मोठ्या रायफलला तर हाच आकडा ६२ हजारापर्यंत आहे. गोळी पुढं पळते आणि दाबाला वाट मिळते म्हणून नळी टिकते, वाट बंद झाली की तो बाजूला ढकलायला लागतो. पॉइंट टू टू ची नळी बऱ्याचदा फुटत नाही, फुगते, बाहेरून बोट फिरवलं तर कडं हाताला लागतं, ती नळी कायमची बाद. मोठ्या रायफलची नळी मात्र उसाचं पेर चिरल्यासारखी उभी चिरू शकते आणि चिरते तेव्हा नेम धरणाऱ्याचा डावा हात तिथंच खाली असतो.

मी हे स्वतः बघितलंय. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, एका कॅम्पमधे एका पोराचा असाच बार फुसका गेला, मी चार पोरं सोडून पलीकडं होतो, मला आवाज वेगळा लागला पण मी अर्धा सेकंद विचार करत बसलो की कुणाच्या रायफलचा होता, आणि तेवढ्यात त्यानं पुढची गोळी मारली. नळीला कडं आलं. पोराला काही झालं नाही. पण तो अर्धा सेकंद मला अजून आठवतो, आणि तेव्हापासून मी आधी ओरडतो मग विचार करतो.

तुमच्या मुलीला एक गोष्ट नक्की सांगा. बोल्ट मागं घेतल्यावर पुंगळी नेहमीसारखीच बाहेर पडते, त्यामुळं सगळं ठीक आहे असं वाटतं आणि पोरं इथंच फसतात. पुंगळी बाहेर आली म्हणजे गोळी बाहेर गेली असं नसतं. आवाज बारीक आला, खांद्याला धक्का कमी लागला, टार्गेटवर भोक दिसलं नाही, यातलं एक जरी झालं तरी बोट ट्रिगरवरून काढायचं, नळी टार्गेटकडंच ठेवायची, हात वर करायचा, रेंज ऑफिसरला सांगायचं. अर्धा मिनिट तसंच थांबायचं, का ते पुढच्या उत्तरात येतंय. मग लाइन थांबल्यावर रायफल रिकामी करून बोल्ट काढून मागच्या बाजूनं नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं, नाहीतर क्लीनिंग रॉड घालून आरपार जातो का बघायचा. अडकलेली गोळी आर्मररनं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकारानं, पितळी रॉडनं काढायची. घरी सळई घालून हातोडी मारायची नाही, आणि दुसऱ्या गोळीनं ढकलून काढू असं कुणी म्हणालं तर त्या माणसाबरोबर रेंजवर जायचंच बंद करायचं.

लातूरचा कॉलेजचा विद्यार्थी: सर माझी गोळी उडतच नाही, नुसतं क्लिक होतं, पन्नासच्या डब्यात दोन-तीन तरी अशा निघतात. मित्र म्हणतो लगेच बोल्ट उघड, गोळी थोडी फिरवून परत भर, उडते. चालेल का?

त्यातला लगेच हा शब्द आधी काढून टाक बाळा. क्लिक झालं आणि गोळी उडली नाही म्हणजे ती मेलेलीच आहे असं नाही, कधीकधी आत मसाला धुमसत असतो आणि दारू उशिरा पेट घेते, याला हँगफायर म्हणतात. हे क्वचित होतं, पण होतं. बोल्ट बंद असेल तर उशिरा का होईना गोळी नळीतून टार्गेटकडं जाईल. तू बोल्ट उघडलास आणि काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या घराच्या, बाहेर आलं तर पितळेला कुणाचाच आधार नाही, ते तुझ्या तोंडापुढं फुटणार. म्हणून नळी टार्गेटकडं धरून निदान ३० सेकंद थांबायचं, बऱ्याच रेंजवर मिनिटभर थांबायला सांगतात, तिथला जो नियम असेल तो पाळायचा. ठासणीच्या बंदुकीला तर त्याहून जास्त थांबावं लागतं.

आता गोळी का उडत नाही ते. पॉइंट टू टू च्या काडतुसाला मधोमध वेगळा प्राइमर नसतो, मसाला पुंगळीच्या काठात असतो, तो ओला असताना पुंगळी गरगर फिरवून काठात पसरवतात. एखाद्या जागी नाही पोचला आणि नेमका तिथंच फायरिंग पिनचा टोला बसला की क्लिक. म्हणून तुझ्या मित्राची फिरवून भरायची युक्ती कधीकधी चालते. पण नवशिक्यानं हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, एक गोळी वाचवून काय मिळवणार आहेस, ती वेगळ्या डब्यात टाक आणि डबा रेंजवर जमा कर.

आणि पन्नासात दोन-तीन म्हणजे जास्तच आहेत, रायफल पण बघ. न उडालेल्या गोळीच्या काठावर पिनचा व्रण बघायचा. खोल आणि स्वच्छ असेल तर दोष बहुतेक काडतुसाचा, उथळ आणि फिका असेल तर रायफलचा, पिन झिजली असेल, स्प्रिंग ढिली झाली असेल, बोल्टमधे जुनं तेल चिकट झालं असेल किंवा बोल्ट पूर्ण बसतच नसेल. डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेव आणि दुसऱ्या लॉटच्या गोळ्या मारून बघ. दोन लॉट एका डब्यात मिसळू नकोस, मिसळले की दोष कुठला हे देवालाही सांगता यायचं नाही.

नांदेड: मे महिन्यात गोळ्यांचा डबा कारमधे राहिला तर काही होतं का?

आपल्याकडं मे मधे बाहेरच ४२-४३ असतं, बंद कारमधे त्याच्या कितीतरी वर. डबा आपोआप फुटणार नाही, ती भीती नको. पण तापलेली दारू जोरात जळते, दाब वाढतो, आणि असं महिनोन्‌महिने तापत राहिलं तर दारू खराबच होते. घरी थंड कोरड्या जागी कुलपात ठेवायचा, रायफल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या. बऱ्याच गोळ्या मारून नळी तापलेली असताना चेंबरमधे गोळी भरून गप्पा मारत बसायचं नाही, हेही यातलंच.

जालना: पावसाळ्यात काडतुसांना थोडं तेल पुसून ठेवलं तर चालेल ना? गंज नको म्हणून.

नाही चालणार. पातळ तेल प्राइमरपर्यंत झिरपतं आणि मग तेच फुसके बार तयार होतात. शिवाय तेलकट पुंगळी चेंबरला धरून राहत नाही, सगळा जोर मागं बोल्टवर येतो. कोरड्या फडक्यानं पुसा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बास.

बीडहून एक वाचक: तुम्ही नेहमी म्हणता आवाजाकडं लक्ष द्या. मग कानाला मफ लावल्यावर आवाज कळणार कसा? आमच्याकडं काही जुने लोक म्हणूनच कान उघडे ठेवतात.

प्रश्न चांगला आहे. मफ लावल्यावर आवाज बंद होत नाही, कमी होतो, आणि रोज त्याच मफमधून ऐकलं की वेगळा आवाज लगेच कानाला खटकतो. धक्का तर खांद्याला कळतोच. उघड्या कानांनी मात्र काही वर्षांत तोच फरक ऐकू येईनासा होतो. साध्या पॉइंट टू टू चा बार सुद्धा १४० डेसिबलच्या आसपास जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, माझ्या बरोबरीचे दोघंतिघं आता फोनवर बोलू शकत नाहीत. डोळ्याला चष्माही तेवढाच गरजेचा. पुंगळीचा काठ फाटला, प्राइमरला भोक पडलं, तर गरम गॅस आणि पितळेचे कण बोल्टमधून मागं येतात, सरळ डोळ्याच्या दिशेनं. रेंजवर काही खायचं नाही आणि घरी जायच्या आधी हात साबणानं धुवायचे, बोटांना शिसं लागलेलं असतं.

हिंगोली जिल्ह्यातून एक शेतकरी: राम राम सर. आमच्या आजोबांची दुनळी बाराबोर आहे, निजामाच्या काळातली. आजोबा जाऊन चार महिने झाले. परवा माळ्यावर काडतुसांचा डबा घावला. काही कागदी हायत, त्याची पितळ हिरवी पडली. काही पिवळी प्लास्टिकची हायत, जरा बारीक. रानडुकरं हरभरा ठेवीनात. दोन बार काढून बघावं म्हणतो, आधी कोणती काडतुसं वापरू?

दादा, कोणतीच नाही. पत्र वाचल्यावर मला आधी तुम्हाला फोनच करावा वाटला, पण नंबर नव्हता, म्हणून संपादकांना सांगून हे उत्तर तुम्हाला आधीच पोस्टानं पाठवलंय.

ती पिवळी बारीक काडतुसं बाराबोरची नसणार, वीस बोरची असणार, बोरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक. वीस बोरचं काडतूस पिवळंच करायची पद्धत आहे आणि ती मुद्दाम पाडलीय, कारण ते बाराबोरच्या नळीत घातलं की चेंबरच्या पुढं घसरून अडकतं, मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं आपण भरलंच नाही, म्हणून तो मागं बाराबोरचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढचंही फुटतं, मागचंही फुटतं, नळी हातातच फाटते. बाराबोर आणि वीस बोर एका डब्यात, हे मी ऐकलेल्या सगळ्यात वाईट गोष्टींपैकी एक आहे.

कागदी काडतुसं ओल धरून फुगतात, चेंबरमधे अडकतात. पितळ हिरवी पडली म्हणजे कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवल्यावर कळकतं तसं झालं, आतली दारू न प्राइमर कोणत्या अवस्थेत आहेत ते बाहेरून कळत नाही. एक फुसकं जाईल आणि गच्च अडकेल, दुसरं पूर्ण जोरानं उडेल.

आणि बंदूक सुद्धा तितकीच जुनी आहे. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती पट्ट्या पिळून जोडलेली जुन्या पद्धतीची नळी, काळ्या दारूसाठी केलेली, आजच्या दारूचा दाब तिच्यासाठी नाही. नळीत वाकून बघू नका, आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, चेंबर रिकामं आहे याची खात्री जाणकाराकडून करून घ्या. भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, मी दोन ठिकाणी बघितलंय, आणि नळीला मातीचा बूच काय न शिशाचा काय, सारखाच.

आता कायद्याचं, ते जास्त तातडीचं आहे. लायसन आजोबांच्या नावावर होतं, ते वारसाहक्कानं आपोआप तुमच्याकडं येत नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम २१ प्रमाणं बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडं जमा करायची असतात, चार महिने झालेत, उद्याच जा. मग वारस म्हणून लायसनसाठी कलेक्टर ऑफिसला अर्ज करता येतो. रानडुकराचं नुकसान खरं आहे, मला कळतं, माझ्या भावाचाही हरभरा असाच जातो. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही, पंचनामा करून वनखात्याकडं भरपाई मागा.

काडतुसं चुलीत टाकायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत, पोरांच्या हाताला लागू द्यायची नाहीत. ठाण्यात आधी फोन करून सांगा की जुनी काडतुसं घेऊन येतोय, बंदूक गाडीत वेगळी ठेवा, डबा वेगळा. आजोबांचं लायसन आणि मृत्यूचा दाखला बरोबर न्या. पिवळी किती, कागदी किती ते मोजून लिहून घ्या आणि तेवढ्याच नगांची पावती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.