लाकडी रोलर कोस्टरचे किट: माप आणि किंमत

प्रश्न: न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या ‘सायक्लोन’ या रोलर कोस्टरचे १:८७ प्रमाणातले (मूळच्या ८७ पट लहान) लाकडी किट बनवून विकायचे आहे. आकार, सांगाडे आणि किंमत यांचा हिशेब कसा करावा?

उत्तर: १९२७ साली सुरू झालेल्या सायक्लोनची उंची ८५ फूट, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम ३० सेंमी. खरी अडचण लांबीची. २,६४० फुटांचा रूळ सव्वानऊ मीटर भरतो. दर ४ सेंमीवर एक उभा सांगाडा धरला तरी २३० च्या वर सांगाडे लागतात. (मुळात सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे, लाकडी आहे तो रूळ. खोक्यावर हे प्रामाणिकपणे छापा.)

सांगाडे २ मिमी एमडीएफमधून (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) लेझरने कापा आणि प्रत्येकावर क्रमांक कोरा, नाहीतर उतारावरचे सांगाडे हमखास उलटसुलट लागतात. लेझर स्वतः ०.१ ते ०.२ मिमी लाकूड जाळतो, म्हणून भाग एकमेकांत बसवायची खाच आधी टाकाऊ तुकड्यावर तपासा. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो आणि खाचा घट्ट होतात. वळणावर रुळाची जाड पट्टी मोडते. तिथे १ मिमीच्या दोन पट्ट्या वाकवून एकमेकींवर चिकटवाव्यात.

किंमत: समजा साहित्य १,८००, लेझर २४० मिनिटे, मिनिटाला १२ रुपयांनी २,८८०, खोके व पुस्तिका ५००. नासाडी १० टक्के धरून ५,६९८. भाग निवडण्याची मजुरी ८००, नफा १,५००. झाले सुमारे ८,०००. दुकानदार ४० टक्के कापणार असेल तर छापील किंमत १३,३०० च्या खाली परवडत नाही, जीएसटी वेगळा. मजुरी बहुतेकजण धरतच नाहीत.