पेन्शनवर येणाऱ्या पोरास

चि. बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र पोचलं. काकूला दोनदा वाचून दाखवलं. मार्चअखेर फौजेतून डिस्चार्ज, आणि घरी आल्यावर चर्चच्या मंडळीचं नि गावाचं काम करायचं म्हणतोस. फार बरं वाटलं.

आपल्या भागात फौजी हे काही नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर 1922 पासून बेळगावात आहे, त्या वाटेनं गेलेली माणसं गावोगाव सापडतील. मी एएससीचा, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक खात्याचा ड्रायव्हर, 24 वर्षं गाडी चालवली. पेन्शनवर आलेला माणूस गावाला हवा असतो. 15 ऑगस्टला झेंडा, शाळेत दोन शब्द, जत्रेत पुढची खुर्ची. पहिलं वर्ष असं जाईल. त्या खुर्चीची सवय मात्र लावून घेऊ नको.

माझ्याकडून काय झालं ते तुला सांगतो. आल्या आल्या मंडळीच्या कमिटीवर मला घेतलं. पहिल्याच मीटिंगला मी दानाच्या हिशेबाची वही मागितली. वर्षभराच्या तारखाच नव्हत्या. जुन्या खजिनदारांना मी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, जवानाला विचारतात तसं. त्यांनी एक पैसा खाल्ला नव्हता. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगी लिहून द्यायची, ती लग्न होऊन सासरी गेली होती. नंतर चार महिने ते उपासनेला आले नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, माझ्या पोरांची चौकशी केली, रविवारी यायलाही लागले, पण मागच्या बाकावर. ते वारले तरी पुढच्या बाकावरची त्यांची जागा बघितली की मला अजून टोचतं. म्हणून म्हणतो, हुकमाचा आवाज पलटणीतच ठेवून ये. पहिले सहा महिने फक्त ऐक.

आणि कुणाला माती द्यायची असली की आधी तू पोच. आपल्याकडे पावसाळ्यात कबर खणणं काय असतं ते तुला ठाऊक नाही, तू त्या दिवसांत नेहमी बाहेर. एका जुलैत आम्ही पहाटेपासून खणत होतो. दोन फुटांवर जांभा लागला, पहार टणटण वाजायला लागली. आणखी खाली गेलो तर बाजूनं पाणी झिरपायला लागलं. वरून ताडपत्री धरली होती, तीही वाऱ्यानं उडत होती. आम्ही चौघे थकलो. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला माळकरी, रोज संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात मृदंग वाजवणारा, काही न बोलता आत उतरला आणि मांडीभर चिखलात उभा राहून बादलीनं पाणी उपसायला लागला. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला तेव्हा तो कडेला टोपी हातात धरून उभा होता, गळ्यातली माळ चिखलानं माखलेली. पुढं पंढरीची दिंडी निघाली तेव्हा आपल्या चर्चच्या पडवीत चहाचं पातेलं चढलं होतं. कमिटीनं ठराव केला नव्हता, बायकांनीच चढवलं. बेळगावात लंडन मिशन आलं 1820 ला, 1904 ला ते काम मेथडिस्टांकडे आलं, आपली मंडळी त्याच वेलीची. इतकी वर्षं आपण या गावात आहोत ती अशा माणसांमुळे.

आता कागदांचं. हेच काम तुझी सगळ्यात जास्त वाट बघतंय. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. म्हाताऱ्या बायकांना नाडकचेरीतला, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतला अर्ज वाचताच येत नाही. मराठीचा हट्ट मीही सोडलेला नाही, तू सोडू नको. पण कन्नड वाचायला शीक. 2019 च्या ऑगस्टात पुरानं मातीच्या भिंती बसल्या तेव्हा भरपाईसाठी उतारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळीकडे एकच नाव लागत होतं. एकाच बाईचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी. मराठीतलं नाव कन्नडात जातं, तिथून इंग्रजीत, आणि परत येतं तेव्हा घरच्यांनाही ओळखू येत नाही.

फौजींच्या विधवांचे हाल याहून वाईट. नवऱ्यानं भरती होताना बायकोचं नाव माहेरच्या हाकेनं लिहिलेलं, आधारवर सासरचं. तो आहे तोवर कुणी बघत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडकते. एका बाईसाठी मी रेकॉर्ड ऑफिसला पत्रं पाठवली, अ‍ॅफिडेव्हिट केलं, सैनिक बोर्डाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि चौदा महिन्यांनी पैसे सुरू झाले. तोवर तिनं दोन शेळ्या विकल्या होत्या. तेव्हा तू निघण्याआधी आपल्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकमाच्या कागदावर, सूनबाईचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपास. चूक असली तर तिथेच दुरुस्त करून घे, घरी येऊन बघू म्हणू नको.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याला म्हाताऱ्यांना घेऊन जायचं असतं. भात लावून लावून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. गेल्या खेपेला एक आजी अंगठा पदराला पुसून पुसून पाच वेळा ठेवत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती जणू तिचाच गुन्हा आहे. आता मोबाइलवर चेहऱ्यानंही दाखला होतो. मला ते नीट जमत नाही, तुला जमेल. घरोघरी जाऊन कर, त्यांना रांगेत उभं करू नको.

सूनबाईनं पंधरा वर्षं एकटीनं घर, शेत आणि तुझे आईवडील सांभाळले. पहिला महिना तिचा. मंडळी थांबेल.

रविवारची घंटा साडेनवाला असते. माझा खांदा आता वर जात नाही, त्यामुळे ती तुझ्याकडे. दोर विरलाय. येताना बेळगावातून वीस फूट सुती दोर घे. नायलॉनचा नको, हात कापतो.

तुझा,
काका