अडीच लाखांची सायकल घ्यावी का?

नमस्कार भाऊ,

चाळीसगावहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा अकरावी सायन्सला आहे, पहाटे उठून कन्नड घाट चढतो आणि ग्रुपमधले मोठे गडीही त्याच्या मागे पडतात. आता त्याला अडीच लाखांची कार्बनची सायकल हवी आहे, क्लास सोडायचा आहे, आणि तुम्ही विचारता, यात पोट भरेल का?

सायकल आत्ता घेऊ नका, हे आधी सांगतो. घाट मात्र चालू राहू द्या.

आता पोटाचं. तो मोबाइलवर जी टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघतो, तिथे तीन आठवड्यांत 21 टप्पे असतात आणि एका संघात 8 जण. त्यातले एक-दोघेच जिंकायला उतरतात. बाकीचे त्यांच्यासाठी वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर स्वतःचं चाक काढून देतात. पगार मिळतो तो याच कामाचा. आजवर एकही भारतीय तिथे उतरलेला नाही. खालच्या दर्जाच्या, म्हणजे कॉन्टिनेन्टल संघांत तर अनेकांना पगार नावालाच असतो.

आपल्याकडे सायकलपटूचं घर चालतं ते नोकरीवर. रेल्वे, सैन्यदल, नाहीतर राज्य सरकारी भरतीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. भुसावळ तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हा रेल्वेची नोकरी काय असते हे मी काय सांगणार! तिथे विचारतात ती राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी. ट्रॅकवर, म्हणजे सायकलींच्या बांधीव गोल धावपट्टीवर, शर्यतींचे प्रकार जास्त, म्हणून पदकांची संधीही जास्त. अंदमानच्या एसो अल्बेनने 2018 मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्य आणलं ते ट्रॅकवर. आपल्या भंडाऱ्याची मयूरी लुटे हीसुद्धा ट्रॅकचीच.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं. पुण्यात बालेवाडीला असा ट्रॅक, म्हणजे वेलोड्रोम आहे. तिथे एकदा त्याला घेऊन जा आणि वळणावरचा उतार जवळून बघू द्या. काही पोरं तिथेच हरखतात, काही घाबरतात. घाट चढणारा पोरगा सहसा स्प्रिंटर, म्हणजे थोड्या अंतरात सुसाट सुटणारा नसतो; त्याला परस्यूट (ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापायचं) किंवा पॉइंट्स रेस (मधल्या ठरावीक फेऱ्यांना गुण मिळतात) जमू शकते. रस्त्यावरच्या शर्यतींचं स्वप्नही त्याने मोडायचं कारण नाही. ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सने 2004 आणि 2008 च्या ऑलिंपिकमध्ये परस्यूटचं सुवर्ण घेतलं आणि 2012 मध्ये टूर द फ्रान्स जिंकली.

ग्रुपमधल्या काकांना मागे टाकलं, यावरून फारसं काही कळत नाही. महिन्यातून एकदा त्याने एकट्याने, पायथ्याच्या ठरलेल्या खुणेपासून माथ्यापर्यंतचा वेळ घ्यावा आणि त्या दिवशीचं वजन लिहून ठेवावं. सायकल तीच, खूण तीच. तुम्ही मोटारसायकलवर मागे राहा, वर्दळीचा रस्ता आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हं तापायच्या आत तो घरी आलेला असावा. आपल्याकडच्या उन्हात हट्ट करायचा नसतो. जिममधून कुणी पावडरचा डबा दिला तर सरळ परत करा. उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. आणि रावेरची केळी खिशात असताना महागड्या एनर्जी जेलची पाकिटं कशाला हवीत?

ज्युनिअर गट 17-18 वर्षांचा, तोही जन्मवर्षावरून मोजतात, इयत्तेवरून नाही. म्हणजे त्याच्या हातात साधारण दोन हंगाम आहेत. तेवढ्यात राज्य निवड चाचणीत तो कुठे बसतो ते दिसेल. सायकलचा विचार त्यानंतर. क्लासची वेळ हवी तर बदला, पण बारावी व्हायलाच हवी, भरतीत शिक्षणही बघतात.

या आठवड्यात जन्मदाखला घेऊन जळगावच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, शालेय सायकलिंग स्पर्धा आणि राज्य संघटनेच्या निवड चाचणीच्या तारखा विचारा. घाटाचे तीन महिन्यांचे वेळ जमले की वजनासकट मला पाठवा.