बूट फाटला म्हणजे शॉकअप गेला का?

प्रश्न : दादा नमस्कार. माझी २०१० ची आय-ट्वेंटी आहे, पेट्रोल. १५ वर्षं झाली म्हणून आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करून घेतली, म्हणजे गाडी अजून चालवायचीच आहे. परवा टायर बदलायला गेलो तर टायरवाल्याने दाखवलं की पुढच्या दोन्ही शॉकअपचे रबरी बूट (म्हणजे रॉडवरचं घड्यांचं रबरी आवरण) फाटून लोंबून राहिले. एक मेकॅनिक म्हणतो दोन्ही शॉकअप नवीन टाका, दुसरा म्हणतो काही होत नाही, चालू द्या. तिसरा तर म्हणे ब्लेडने कापून काढून टाकतो, कटकटच नको. गाडी दाबून पाहिली तर ठीक वाटते, आवाजही नाही. काय करू? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, तिसऱ्याला तर हात लावू देऊ नका. पहिले दोघंही न बघताच बोलून राहिले. बूट फाटला म्हणून शॉकअप गेला असं होत नाही, पण तो तसाच ठेवला तर शॉकअप जाणार हे नक्की, फक्त कधी एवढाच प्रश्न. निर्णय घ्यायचा तो बुटाच्या आतला रॉड बघून.

तो रॉड हार्ड क्रोमचा असतो, एकदम गुळगुळीत, आणि शॉकअपच्या तोंडाशी जे ऑइल सील असतं त्याची रबरी कड या रॉडला घट्ट चिकटून असते. रॉड वरखाली होताना त्यावर तेलाचा अगदी पातळ थर राहतो आणि त्याच थराला धूळ चिकटते. बूट धड असला तर धूळ तिथपर्यंत पोचतच नाही. फाटला की बारीक रेती रॉडसोबत सीलमध्ये ओढली जाते, क्रोमवर ओरखडे पडतात, पावसात तिथे गंजाचे ठिपके उठतात, आणि मग तो खरखरीत रॉड सीलची कड खात राहतो. तेल बाहेर यायला लागलं की शॉकअप संपला. आपल्याकडे तर हे लवकर होतं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्या उन्हात रबर वाळून घड्यांमध्ये चिरतं, सिमेंट रोडची कामं चाललेली तिथली धूळ वेगळीच, आणि जूनमध्ये त्याच चिरांतून चिखल आत.

आता बघायचं कसं. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर चाकापाशी हात घालायचा नाही), चाक काढा. चाक लोंबकळलं की रॉड बाहेर येतो, फाटका बूट वर सरकवला की स्वच्छ दिसतो. मऊ फडक्याने पुसा, टॉर्च मारा आणि अंगठ्याचं नख रॉडवर वरून खाली फिरवा, चारही बाजूंनी. नख कुठेच अडत नसेल, तपकिरी ठिपके नसतील तर रॉड चांगला. मग शॉकअपची बॉडी बघा. सीलपाशी जरासा ओलसरपणा चालतो, पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल आणि त्यावर चिखलाचा थर बसला असेल तर तो शॉकअप गेलाच. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जी पद्धत आहे ती फार भरवशाची नाही, एकदम मेलेला शॉकअप त्यात कळतो, अर्धा गेलेला कळत नाही, म्हणून तुम्हाला ठीक वाटलं यावर जाऊ नका.

तिथेच रॉडवर वरच्या बाजूला फोमसारखा एक ठोकळा दिसेल, त्याला बंप स्टॉप म्हणतात. खड्ड्यात गाडी पूर्ण बसली की शॉकअपवर धातूचा दणका बसू नये म्हणून असतो तो. चिमटीत धरून दाबा. जुन्या गाडीत बऱ्याचदा त्याचा भुगा होतो, कधी तर जागेवर नसतोच. बूट फाटायचं हेही एक कारण, कारण काही गाड्यांत बूट आणि बंप स्टॉप एकमेकांना धरून असतात, ठोकळा गेला की बूट खाली घसरतो आणि घासून फाटतो.

रॉड खराब किंवा तेल गळतंय, तर पहिला मेकॅनिक बरोबर, शॉकअप बदला आणि दोन्ही बाजूंचे सोबतच बदला, एक नवा एक जुना असं केलं तर ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. रॉड चांगला असेल तर फक्त बूट आणि बंप स्टॉप नवीन टाका, पण माझं ऐकाल तर त्यासोबत वरची माउंटिंग (शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला जिथे बसतं तो भाग) आणि तिचं बेअरिंगही बघून घ्या. रबराचा तुकडा स्वस्तच मिळतो, खरा खर्च मजुरीचा असतो, कारण बूट रॉडवरून सरकवायचा तर अख्खा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंग अशी जोडी, खाली उतरवून स्प्रिंग दाबून खोलावी लागते. तेवढं सगळं उघडल्यावर जुनी माउंटिंग परत बसवायची आणि सहा महिन्यांनी त्याच कामाची मजुरी पुन्हा द्यायची, हे काही बरोबर नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना पुढून टुंग असा आवाज येत असेल, तर बेअरिंग जाम होऊन स्प्रिंग अडकते आणि मग एकदम सुटते, असं असेल तर बेअरिंग बदलाच.

बाजारात एक कापलेला बूटही मिळतो, उभा चिरलेला, स्ट्रट न खोलता रॉडभोवती गुंडाळायचा आणि चिकटवायचा किंवा टायने आवळायचा. मी तो सांगत नाही. सतत वरखाली होण्यात ती शिवण उघडते, आणि आत आलेली रेती मग बाहेरही जात नाही.

काम करून घेताना स्वतः उभे राहा. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जखमी होईल इतका जोर असतो, जीवही जाऊ शकतो, त्यामुळे घरी यूट्यूब पाहून हे काम करू नका ही माझी हात जोडून विनंती आहे. मधला मोठा नट जो स्प्रिंगला धरून ठेवतो, तो स्प्रिंग कंप्रेसरने दाबून तिच्या डोक्यावरची वाटी मोकळी हलायला लागल्याशिवाय खोलायचाच नाही. दोरी, तार, साखळी बांधून कोणी खोलत असेल तर गाडी परत घेऊन या. कंप्रेसरचे दोन हूक समोरासमोर हवेत आणि दोन्ही थोडे थोडे करत सारखे आवळायला हवेत.

दुसरं, तो नट खोलताना रॉड सोबत फिरतो आणि मग मेकॅनिक पकडीने रॉडच धरतो. तिथेच थांबवा! पकडीच्या दातांची एक खूण पडली की नवीन बुटाचा काही उपयोग राहिला नाही, सील तिथेच कापलं जाणार. रॉडच्या टोकाला धरायची जागा दिलेली असते, बऱ्याच गाड्यांत ॲलन की बसते, तिथेच धरायचं. हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) ब्रेकच्या पाइपवर लोंबू द्यायचं नाही, तारेने बांधून ठेवायचं, आणि बाहेर जास्त ओढायचंही नाही नाहीतर एक्सल आतल्या जॉइंटमधून निसटतो. परत बसवताना स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत नीट टेकलंय का बघा. बुटाला खाली बारीक भोकं असतील तर ती हवा जायला-यायला असतात, कोणी सिलिकॉन लावून बंद करू नये. वरचा लॉक नट नवीन मागा.

आणि हे झाल्यावर व्हील अलाइनमेंट करायचीच, नकलचे (स्ट्रट खाली जिथे हबकडे जोडतात तिथले) बोल्ट खुणा करून तंतोतंत बसवले तरी. नाहीतर आत्ताच टाकलेले नवीन टायर एका बाजूने खाल्ले जातील.

प्रश्न : पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवाला गाडीखाली डिझेल फवारून देतो, म्हणतो गंज लागत नाही आणि आवाज बंद होतात. बुटाला चालेल का? – एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : ताई, नका मारू देऊ. डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरतं. शॉकअपचा बूट, लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझरचे रबर, सगळ्यांचंच वय कमी होतं त्याने. आवाज थोडे दिवस बंद होतात ते रबर ओलं झालं म्हणून. वरून तेलकट अंगावर धूळ आणखी चिकटते. नुसत्या पाण्याने धुवायला सांगा आणि प्रेशर गन बुटाच्या घड्यांवर जवळून मारू देऊ नका. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे चालतो, ग्रीस आणि जुनं इंजिन ऑइल अजिबात नाही. गंजाची काळजी असेल तर पत्र्याला अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, त्यात रबरी भाग आणि ब्रेक झाकून मग मारतात.

प्रश्न : मागच्या शॉकअपचे बूट बदलायलाही एवढंच काम असतं का? – एक वाचक, कामठी

उत्तर : गाडीवर आहे. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. तिथे कंप्रेसर लागत नाही, बीमला खालून जॅकचा आधार देऊन शॉकअप एकटाच निघतो, आणि काम पुढच्यापेक्षा खूप सोपं. आधार मात्र द्यायचाच, नाहीतर शॉकअप सुटला की बीम खाली पडतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो.