मुलींच्या शाळेतल्या गणित मंडळात आणि स्पर्धांत आठवीच्या मुलीने वर्षभर वेळ घालवावा का?

आपली मुलगी परभणीजवळच्या मुलींच्या शाळेत आठवीत आहे. शाळेने यंदा गणित मंडळ सुरू केले असून दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास आणि वर्षभरात तीन-चार स्पर्धा असा बेत आहे. ‘गुण मात्र पंचावन्न-साठच्या पुढे जात नाहीत, तेव्हा मंडळात बसू द्यावे की तोच वेळ शिकवणीला द्यावा,’ असे आपण विचारले आहे. बसू द्यावे. उत्तर एवढेच आहे, पण ‘गुण मात्र’ हे दोन शब्द वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

याच जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी 26 वर्षे गणित शिकवले. जून 2014 मध्ये नववीच्या मुलींसाठी मी असेच मंडळ सुरू केले. तेव्हा नववीला बीजगणित-भूमितीऐवजी सोप्या सामान्य गणिताचा पर्याय होता (पुढे तो बंद झाला) आणि आठवीत ज्यांना गुण कमी, त्यांची यादी करून त्यांना तो विषय देण्यासाठी पालकांच्या सह्या घ्यायच्या, अशी आमच्याकडे रीत पडली होती. कारण एकच, दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. मी मंडळात या यादीतल्या मुलीही घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला शिक्षक-खोलीत सर्वांसमोर विचारले, “ज्यांना त्रैराशिक धड येत नाही, त्यांना तुम्ही कसले ऑलिंपियाड शिकवणार?”

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी कापरेकरांची गंमत घेतली. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा 6174 हा चार अंकी स्थिरांक आपल्याला ठाऊक असेलच; चार अंकी संख्येवर एक ठरावीक वजाबाकी करत गेले की शेवटी तोच येतो. मी तीन अंकी प्रकार दिला होता. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करत जायचे. सगळ्यांना शेवटी 495 मिळाले, मुली खूश झाल्या आणि खरे सांगायचे तर मीही तिथेच थांबणार होते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन आली. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, ती आजीजवळ राहून बसने ये-जा करी आणि तिचे नाव सामान्य गणिताच्या यादीत होते. ती म्हणाली, “बाई, पहिल्या वजाबाकीत मधे नऊच येतोय. तो येणारच.”

का, असे विचारल्यावर तिने जे सांगितले ते मी आजही जसेच्या तसे सांगू शकते. एककात लहान अंकातून मोठा जात नाही, म्हणून दशक मोडावा लागतो. मधे वर-खाली तोच अंक, त्यातला एक आधीच गेलेला, म्हणून तिथे नऊ उरणार. पुढच्या शनिवारी ती त्याहून पुढे जाऊन आली. कडेच्या दोन अंकांची बेरीजही नेहमी नऊच भरते, त्यामुळे पहिल्या वजाबाकीनंतर 099, 198, 297 पासून 891 पर्यंत नऊच उत्तरे शक्य आहेत. त्यांतही 198 आणि 891 यांचे अंक तेच, म्हणून पुढची वाटही तीच. अशा जोड्या लावल्या की तपासायला पाचच उरतात, आणि त्या पाचही तिने वहीत 495 पर्यंत नेऊन दाखवल्या होत्या. 891 संख्यांचे काम तिने पाच ओळींत संपवले होते. याला सिद्धता म्हणतात. अंकांऐवजी क्ष-य वापरले नाहीत, एवढ्याने ती कमी प्रतीची ठरत नाही.

मी ती वही सहकाऱ्यांना दाखवली. त्यांनी पाने उलटली आणि विचारले, “हे दहावीला येतं का?”

त्याच महिन्यात इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांना फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळाल्याची बातमी आली होती. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याही तेहरानच्या मुलींच्याच शाळेत शिकल्या होत्या, आणि माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी गणितात त्यांची चमक त्यांच्या गणिताच्या शिक्षकांना दिसली नव्हती. पुढे त्यांनी 1994 आणि 1995 च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शालेय विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली, दुसऱ्या वेळी 42 पैकी 42 गुणांनी. ते कात्रण मी फलकावर लावले आणि त्या मुलीचा विषय बदलून मिळावा म्हणून मुख्याध्यापकांकडे गेले. ती नापास झाल्यास जबाबदारी माझी, असे लेखी द्या, असे ते म्हणाले. मी दिले नाही. ती सामान्य गणितात उत्तम गुणांनी पास झाली, शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि अकरावीला ती कला शाखेत गेली, जिथे तिला गणित नव्हते. त्या वर्षी आमच्या चार मुली प्रादेशिक ऑलिंपियाडला बसल्या, तीन तासांत सहा प्रश्न, आणि चौघींत मिळून एकच प्रश्न पूर्ण सुटला. वर्ष वाया गेले, असे सहकारी म्हणाले. वाया काय गेले ते मला माहीत आहे, आणि ते स्पर्धेत गेले नव्हते.

आपल्यापुरते सांगायचे तर शाळा अनुदानित असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल, तर यंदा आधी एनएमएमएस ही आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा द्यावी. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, ते सोडण्यासारखे नाहीत. ऑलिंपियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, तीन तास, 30 प्रश्न, 100 गुण. तिथे उत्तराचा आकडाच तपासला जातो, म्हणून घरी मात्र रीत पूर्ण लिहून घ्यावी. पुढे प्रादेशिक, मग राष्ट्रीय, आणि मुलींसाठी वेगळी युरोपियन गर्ल्स ऑलिंपियाडही आहे. 2012 साली सुरू झालेल्या या स्पर्धेत 2015 पासून भारताच्या मुली उतरतात. मंडळाच्या नावाखाली झटपट गुणाकाराच्या युक्त्या किंवा अबॅकस चालत असेल, तर बेलाशक शिकवणीला पाठवा. तो वेग आहे, गणित नव्हे.

हेही सांगितले पाहिजे की मंडळाने शाळेतले गुण आपोआप वाढत नाहीत, सरावसंच सोडवावेच लागतात. मुलीचे मन नसेल तर बळजबरी करू नये. शनिवारी शाळा लवकर सुटते आणि मुलींना शाळेत ने-आण करणारी मानव विकास योजनेची बस त्याच वेळी निघून जाते, तेव्हा दोन तासांनंतर परतीची सोय काय, हे शाळेला आधी विचारावे. आमच्या तीन मुली केवळ त्यापायी गळाल्या होत्या. आणि वर्षाच्या मध्यात गुणांकडे बोट दाखवून मुलीला मंडळातून काढण्यासाठी कोणी सही मागितली, तर आधी तिची शनिवारची वही मागवून घ्यावी आणि ती पाहिल्याशिवाय सही करू नये.