वाचकांचे प्रश्न : पाण्याखाली नजर किती पोचते?

प्रश्न : आमच्या मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) बुडी मारली की हातभर पुढचं दिसत नाही. मित्राला मालवणला स्कुबा करताना प्रवाळं दिसली. एवढा फरक कशानं? मोठा टॉर्च नेला तर दिसेल का?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : टॉर्च घेऊ नका, पैसे वाया जातील. गढूळ पाण्यात उजेड कणांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. दाट धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर होतं तसं. पाणी जरासंच धूसर असेल तर टॉर्च हात लांबवून, बाजूनं मारावा.

खरी गोम चिकणमातीच्या कणांत आहे. ते 2 मायक्रॉनहून बारीक असतात. गोड्या पाण्यात त्यांच्यावरचा ऋण विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो, म्हणून ते दिवसचे दिवस खाली बसत नाहीत. समुद्राच्या मिठानं त्या भाराचा जोर मोडतो, कण एकमेकांना चिकटून तळाला जातात. गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवली की होतं, जवळपास तेच. त्यात मामा तलाव उथळ. वारा सुटला, म्हशी उतरल्या की गाळ वर येतो. सायप्रिनस मासा तर तळ उकरूनच खातो. बांध्यांतलं खत वाहून आलं की शेवाळ माजतं, ते वेगळंच.

मोजून पाहायचं असेल तर 20 सेंमी व्यासाची पत्र्याची चकती घ्या, चार भाग करून आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा. नायलॉनच्या दोरीला दर 10 सेंमीवर खूण करा (सुती दोरी भिजली की आखडते). सकाळी 10 ते दुपारी 2 दरम्यान डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं सोडा. 60 सेंमीवर दिसेनाशी झाली आणि वर ओढताना 50 वर दिसली, तर पारदर्शकता 55 सेंमी. 1865 मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी समुद्रात वापरलेली ही रीत आजही चालते. मात्र हे वरून खाली पाहिलेलं अंतर. बुडी मारल्यावर समोरचं तेवढंच दिसेल असं धरू नका. आणि अशा पाण्यात एकट्यानं बुडी नकोच. कमळाचे देठ, जुनी जाळी पायात अडकेपर्यंत दिसत नाहीत.

प्रश्न : मालवणला कधी जावं?

उत्तर : पावसाळा सरून नद्यांचा गाळ ओसरल्यावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते, तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती बरी. तळापासून मीटरभर वर राहा, पायांतले फिन्स वर-खाली न आपटता बेडकासारखे बाजूला मारा. काही मीटर खाली लाल रंग करडा दिसू लागतो, तो गढूळपणा नव्हे. मास्कची काच आतून धूसर झाली तर त्यातही पाण्याचा दोष नाही. उतरण्याआधी आतून थुंकी चोळून विसळून घ्यायची.