टर्बो मोठा घेऊ का?

प्रश्न : माझ्याकडे २००६ ची डॉज रॅम २५०० आहे. ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल, ऑटोमॅटिक गिअर. मागे साडेनऊ हजार पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर असतो. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना एक्झॉस्टचं तापमान १,४०० फॅरनहाइटवर जातं, काळा धूर निघतो. आधीच्या मालकाने ट्यूनर (जास्त डिझेल सोडून ताकद वाढवणारं यंत्र) बसवलेला आहे. एका गॅरेजवाल्याने ६६ मिलिमीटरचा, म्हणजे मूळच्याहून मोठा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) सुचवलाय. घेऊ का?
— एक वाचक, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

उत्तर : नका घेऊ. निदान तो तरी नकोच.

हे इंजिन माझ्या जुन्या ओळखीचं. अमेरिकेत येण्याआधी मी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत टाटा १६१३ चे टर्बो उतरवायचो. त्या ट्रकांतही याच घराण्यातलं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी कमिन्स असायचं. बोरघाट चढून आलेला ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की आमचे उस्ताद एवढंच विचारायचे, "धूर उचलताना टाकते, की चढभर?"

नेमकं हेच तुम्ही लिहिलेलं नाही. पाय दाबल्यावर दोन-तीन सेकंदच धूर येत असेल, तर टर्बो वेग घ्यायला वेळ लावतोय. तिथे ६६ चा बसवलात तर तो आणखी उशिरा जागा होईल. शर्यतीत ते चालतं. मागे ट्रेलर घेऊन दोन हजार आरपीएमवर नाही. धूर चढभर येत असेल, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. मग आधी डिझेल कमी करा. ट्यूनर सगळ्यात खालच्या पायरीवर आणा, फुकटचं काम आहे. कंपनीने या इंजिनाला ३२५ अश्वशक्ती दिली होती. तुमच्या ट्रेलरला ती पुरते.

पुढची पायरी गळतीची. टर्बोतली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळ्या, त्यांचे क्लॅम्प आणि इंजिनातला गॅस टर्बोकडे नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तपासा. या इंजिनांत मॅनिफोल्ड आकसतो, टोकाचे बोल्ट तुटतात आणि टर्बोला फिरवणारा गॅस बाहेरच निसटतो. सांध्याशी काजळी दिसली की समजा. टर्बोचा शाफ्टही हलवून बघा. वर-खाली किंचित हलला तर घाबरू नका, बेअरिंग तेलावर तरंगतं. आत-बाहेर जाणवण्याइतका हलला किंवा पाती घासल्याची खूण दिसली, तर मात्र तो संपला.

तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी आहे की नंतर? नंतर असेल तर खरा आकडा भारात आणखी दोन-तीनशे अंशांनी वर असू शकतो, आणि मग १,४०० म्हणजे पिस्टनची कबरच खणताय. लांब चढावर टर्बोआधी १,२५० च्या आसपास राहावं, असं मी धरतो. बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के विरळ. तेवढाच बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, द्यायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं, म्हणून मूळचा होल्सेट कंपनीचा टर्बो तिथे धापा टाकतो.

एवढं करूनही उष्णता हटली नाही, तर ६२ मिलिमीटरच्या आसपासचा, लवकर वेग घेणारा टर्बो घ्या. विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. मूळ टर्बोचं वेस्टगेट, म्हणजे बूस्ट हद्दीत ठेवणारी झडप, इलेक्ट्रॉनिक आहे. ते काढल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा पेटू नये म्हणून काय करणार? आणि तुमचा एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून गाडी हळू करणारा) टर्बोच्या तोंडाशी बसलेला असेल, तर तो नव्यावर बसेल का? ब्रेक बसत नसेल तर सौदा मोडा. सात टक्क्यांच्या उतारावर तोच तुम्हाला धरून ठेवतो, आणि चढण्याच्या नादात उतार विसरणारे मी बरेच पाहिलेत.

तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ४८आरई या मॉडेलचा आहे. ताकद वाढवली की इंजिनाची ताकद त्याच्याकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर घसरायला लागतो, म्हणजे टर्बोच्या बिलामागोमाग दुसरं बिल.

आता एक काम करा. ट्यूनर खाली आणून तोच चढ पुन्हा चढा. शेजारी बसणाऱ्याला बूस्ट, आरपीएम आणि तापमान वहीत लिहायला सांगा. तुम्ही रस्त्याकडे बघा. वर पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, टर्बो निवू द्या. उस्ताद खंडाळ्यात चहा संपेपर्यंत किल्ली फिरवू द्यायचे नाहीत. मग आकडे पाठवा, प्रोब कुठे आहे तेही लिहा.